लग्नघरचा पितळी डबा

१

रुखमाबाईने नागपुरात लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर डोक्यावरून सागाच्या फळ्या वाहिल्या. तिची लेक शामला कापडगिरणीत सूत गुंडाळता गुंडाळता दोन्ही कानांनी बहिरी झाली. शामलाची लेक कांताबाई हिने महाल भागाच्या पाठीमागच्या वस्तीत विड्या वळल्या आणि त्या विड्यांच्या कट्ट्यांवर आपली मुलगी वकील केली. बायकांच्या नावाने कूळ सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. परंतु या तिघींच्या नवऱ्यांनी सांगण्याजोगे काही केले नाही, तेव्हा कूळ असेच सांगितले पाहिजे.

चौथी ती अ‍ॅडव्होकेट कौसल्या रंगारी. वय पंचवीस, सनद दोन वर्षांची, आणि एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यातल्या त्या सोमवारी तिच्या हातात एकच प्रकरण होते. ते हरले तर तिला घरी तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

प्रकरण असे. शुक्रवारी दुपारी कळमेश्वरच्या रेल्वे फाटकाशी जिजाबाई वैरागडे यांच्या अँबेसिडर गाडीतून एक पितळी डबा लुटला गेला. लकडगंजात जिजाबाईंची लाकडाची टाल आणि आरा मशीन होती, आणि त्यांच्या नावाचा दरारा त्या आऱ्यापेक्षा धारदार होता. गाडीत मागे त्यांची सून प्रेमलता, पुढे ड्रायव्हर लहानू भैसारे. फाटक बंद होते. मागून मोटारसायकल आली, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या माणसाने मागचे डावे दार उघडले, सुनेच्या मांडीवरचा डबा उचलला आणि तो आल्या वाटेने पसार झाला. डब्यात चाळीस तोळे सोने होते.

सीटवर लाल कातड्याची नवी पर्स होती. चोराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

जो चोर पर्स सोडून जेवणाचा डबा उचलतो, त्याला घरातल्या कोणी तरी सांगितलेले असते. फौजदारांनी एवढा विचार केला, आणि तेथेच विचार करणे थांबवले. गाडीत जे दोघे होते त्यांतली एक घरची सून होती. उरला तो लहानू.

२

लकडगंजच्या चौकीच्या कोठडीत लहानू भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताचा अंगठा सुजून काळा पडला होता. कौसल्येला पाहताच तो उठायला लागला आणि अर्ध्यातच बसला.

"काहून आली वं पोट्टे? मायं भाडं द्याले आली का?"

हे भाडे त्या दोघांमधले जुने होते. एकोणीसशे त्रेपन्नच्या पोळ्याला, सारे रस्ते सजवलेल्या बैलांनी तुंबलेले असताना, लहानूने आपल्या सायकलरिक्षात कांताबाईला महालातून बायकांच्या दवाखान्यापर्यंत ओढत नेले होते. वाटेत दोनदा त्याने रिक्षा खांद्याने उचलून गटार ओलांडले. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर कांताबाईने पदराची गाठ सोडायला घेतली, तर म्हणाला, "राहू दे वैनी. लेकरू मोठं झालं का त्याच्याचकडून घेईन." पुढे छप्पनला दोन्ही घरांनी एकाच दिवशी दीक्षा घेतली, कौसल्या मॅट्रिक झाली, वकील झाली, आणि लहानूने प्रत्येक वेळी हाच तगादा लावला. एका ओळखीच्याच्या खटारा गाडीवर त्याने तिला मोटार चालवायला शिकवली, तेव्हाही तो म्हणाला होता, "याचे पैसे नाई. पण ते भाडं बाकी हाय."

"अंगठ्याला काय झालं, काका?"

"दारात सापडला." अंगठ्याकडे पाहत तो म्हणाला, "त्यायच्या दारात. उद्या अकराले कोर्टात नेतीन अन् आनखी आठ दिवस मांगतीन म्हणते फौजदार. म्हणे, सोनं कुठी हाय ते सांग, नाई त दुसराही अंगठा हाय."

उद्या अकरा. हातात एक दिवसही पुरता नव्हता.

"डब्यात सोनं होतं, हे तुम्हांला माहीत होतं?"

"लाडू असतीन म्हणलं! लग्नघरचा डबा, त्यात लाडूच राहीन ना बाप्पा. अन् मी डब्याले बोटबी नाई लावलं. लावूच कोन देते? सोळा वर्सं म्हातारीची गाडी हाकून राहिलो. पन तिच्या घरचा डबा त सोड, डब्याचं फडकं नाई शिवलो. माया चहाचा कप पोर्चातल्या कोनाड्यात, येगळा. इस्टेरिंगले इटाळ नाई होत म्हणते ते. डब्याले होते."

"आणि दाराच्या कुलपाची खिट्टी? फौजदार म्हणतात, तुम्हीच वर ठेवली."

लहानूच्या डोळ्यांत प्रथमच राग उतरला. "पोट्टे, म्हातारीचा कायदा तुले ठाव नाई. काच चार बोटांच्या वर उघडी नाई पायजे. गाडी थांबली त पुढच्या गाडीपासून येवढं अंतर, का वळवून निघता आलं पायजे. रस्त्यात कोनी आडवा पडला त उतराचं नाई, पुढच्या गावात जाऊन मानसं पाठवाची. अन् निंगाच्या आंधी चारी दाराले बाहेरून हिसका. दोनदा. ते सोता व्हरांड्यात उभी राहून मोजते. शुक्रवारीबी मोजले."

"मग दार उघडलं कसं?"

"तेच त मी तीन दिवसांपासून इचारून राहिलो," लहानू म्हणाला. "या भिंतीले."

३

कळमेश्वरच्या फाटकावर नत्थूजी नावाचे गेटमन होते. एस.टी.तून उतरून कौसल्या तेथे पोचली तेव्हा त्यांनी मडक्यातले पाणी दिले, आणि तिने विचारण्याआधीच ते बोलू लागले. कारण तीन दिवसांत त्यांचे बोलणे पुरते ऐकून घेणारे कोणी भेटले नव्हते.

"तोंड पाह्यलं का म्हणते पोलीस. अवं, उन्हाळ्यात दुपट्ट्यातून कोनाचं तोंड दिसते? नागपुरात मे महिन्यात अर्धं गाव डाकूच दिसते!"

"दार उघडताना पाहिलंत?"

"डोयानं पाह्यलं. मी पाह्यलं का त्यानं जोर नाई लावला. कडीले हात लावला अन् दार उघडलं, जसं त्याचीच वाट पाहून राहिलं व्हतं."

"बाई ओरडल्या?"

"ओरडली ना. पन आंधी डबा गेला, मंग ओरडली. डरायवर उतरून ढेकळं घेऊन धावला त्याच्यामांगं. तीन फर्लांग धावला बिचारा. त्यालेच धरून नेलं."

मग नत्थूजींनी तिला तो नाला दाखवला, जेथे डबा सापडला होता. मोटारसायकलवाल्याने झाकण उघडून तो तेथेच भिरकावला होता. पंचनाम्यात लिहिले होते : 'एक पितळी कडीचा डबा, रिकामा.'

"रिकामाच होता?"

नत्थूजी घुटमळले. "सोनं नव्हतं, येवढं खरं. पन मुंग्या व्हत्या. लाल, भल्ल्या मुंग्या. शिपायानं डबा झटकला त त्याच्या हाताले चावल्या. म्हणे, आंधीचे लाडू असतीन त्यात."

कौसल्या नाल्याच्या काठावर उकिडवी बसली. डबा पडला होता त्या जागी मुंग्यांची एक रांग अजून चालू होती. तिने मातीतून काही तरी चिमटीत उचलले, उन्हात धरले, आणि जिभेला लावले.

तिचा चेहरा पाहून नत्थूजींनी पाण्याचा गडवा पुन्हा पुढे केला. परंतु तिला तहान नव्हती. चाळीस तोळे सोने पळवणारा चोर डब्यात साखर कशाला ठेवील?

४

"तिथेच उभी राहा," जिजाबाई म्हणाल्या. "ऊन लागत असेल तर पोर्चमध्ये ये. त्याच्या पुढे नको."

पांढरे नेसूचे लुगडे, कपाळ मोकळे, पाठ आऱ्यातून निघालेल्या फळीसारखी सरळ. व्हरांड्यातील वेताच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या आणि समोरची दुसरी खुर्ची रिकामी होती.

"मी लहानू भैसारेंचे वकीलपत्र घेऊन आले आहे."

"वकीलपत्राला खुर्ची लागत नाही. विचार काय ते."

कौसल्या उभीच राहिली. "गाडीचे नियम आपण घातलेले?"

"मीच. एकोणीसशे त्रेसष्ट साली इतवारीच्या फाटकाशी माझ्या गळ्यातली ठुशी एका पोराने चालत्या गाडीतून ओढली." त्यांनी मानेवरचा पांढरट व्रण बोटाने दाखवला. "काच पुरती खाली होती. मला वाटे, वैरागड्यांच्या गाडीत हात घालायची कोणाची छाती आहे! त्या दिवशी मला कळले, चोराला आडनाव वाचता येत नाही. त्यानंतर माझ्या गाडीची काच चार बोटांखाली गेली नाही, आणि किमती वस्तू कधी पर्समधून गेली नाही. पर्स दाखवायला, डबा न्यायला. सोळा वर्षे एक सुईसुद्धा गेली नाही. आणि तुझ्या त्या माणसाने…"

"त्या माणसाने शुक्रवारी दारांना हिसका दिला का?"

जिजाबाईंनी मानेवरचे बोट खाली घेतले. खोटे बोलणे त्यांच्या रक्तात नव्हते. एवढा एकच गुण त्यांच्या शत्रूंनीही कबूल केला होता.

"दिला. दोनदा. मी पाहिले."

"चारही दारांना?"

"चारही."

"मग आपणच त्यांच्या साक्षीदार झालात, बाईसाहेब. दार घरून निघताना बंद होते. गाडी फाटकापर्यंत कोठेही थांबली नाही, हे आपल्या सूनबाईंच्याच जबाबात आहे. स्टीअरिंग उजवीकडे, ते दार मागे डावीकडे. चालवणाऱ्याचा हात तेथे पोचत नाही."

"जीभ फार चालते तुझी."

"तिच्यावरच पोट आहे. डब्यात आधी लाडू होते का?"

हा प्रश्न जिजाबाईंना आधीच्या सगळ्या प्रश्नांहून अधिक झोंबला. त्या खुर्चीतून उठल्या.

"कळमेश्वरला माझ्या मुलीचे घर आहे. तिच्या मुलीचे लग्न. साखरपुड्याला त्यांच्याकडून लाडवांचा डबा आला होता, तो परत पाठवायचा होता. वैरागड्यांच्या घरातून लग्नघरी उष्टा डबा जाईल? चिंचेने घासून, उन्हात वाळवून, कोरड्या फडक्याने पुसून मी स्वतः त्यात दागिने ठेवले. चपलाहार, गोठ, तोडे, पाटल्या. सकाळी आठ वाजता. नातीच्या अंगावर घालायला. त्यानंतर अकरापर्यंत डबा देवघरात होता. त्याला शिवायची तुझ्या लहानूची बिशाद नव्हती!"

शेवटचे वाक्य त्यांनी तिरस्काराने उच्चारले. परंतु कौसल्येने ते जपून उचलले. त्या घरच्या विटाळाने आयुष्यात प्रथमच एका माणसाच्या बाजूने साक्ष दिली होती.

"आभारी आहे," ती म्हणाली. "आता मला घरातल्यांशी बोलायचे आहे."

"आणि मी नाही म्हटले तर?"

"तर उद्या अकरा वाजता कोर्टात आपल्यालाच पिंजऱ्यात उभे करून हेच सारे विचारीन. तेथेही खुर्ची मिळत नाही."

५

मागच्या अंगणात स्वयंपाकीण तुळसाबाई कैऱ्या उकडत होती. ती कौसल्येकडे पाहत नव्हती, पण बोलत मात्र थांबत नव्हती.

"मी कायले डबा उघडू वं? मले काय सपन पडलं व्हतं, त्यात सोनं हाय म्हून? शुक्रवारपासून या घरात कोनाचं तोंड सरळ नाई. मले म्हणे, झडती दे. माया पेटीतले दोन लुगडे अन् नवऱ्याचा फोटो, दोन्ही पाह्यले त्यायनं. चोर गेला कळमेश्वरले, झडती तुळसाबाईची!"

"कामं वाढली असतील लग्नाची."

"वाढली म्हणजे! येनाऱ्या-जानाऱ्याले पन्हं, सरबत. तीन दिवसांपासून साखर काढून राहिली. पन खरं सांगू?" तिने आवाज उतरवला. "बरकत आली घराले. कोठीतला साखरेचा पिपा, मी काढत राहते अन् तो भरेलच. गुरुवारी त्यात चार बोटं जागा व्हती. शुक्रवारी पाहतो त काठोकाठ! झाकन बसे ना. लक्ष्मी गेली म्हणते बाईसाहेब; मी म्हणतो, अन्नपूर्णा आली."

कौसल्येने कैरीची साल पायाने बाजूला केली.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. जिजाबाईंचा मुलगा गोपाळराव टालीवरून परतला होता. गाडी अंगणात घालून तो थेट कौसल्येवर आला.

"कोणी सोडलं हिला आत? तुमच्या लोकांना गाडीवर बसवलं, हीच चूक झाली आमची."

"आपली मोटारसायकल शुक्रवारी दुपारी कोठे होती?"

त्याचा चेहरा उतरला. "टालीवर. चाळीस मजूर सांगतील. तू मला…"

"नुसतं विचारलं. माझ्या अशिलाला एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही. सरळ अंगठा दारात घातला."

गोपाळराव शिव्या देत आत गेला. मागच्या ओसरीच्या दारात प्रेमलता उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिशीतली, गळ्यात काळ्या पोतीखेरीज काही नाही. तिच्या डोक्यावर भिंतीला तिच्याच लग्नाचा फोटो टांगलेला होता. फोटोतली नवरी दागिन्यांनी वाकली होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून एक कृश बाई उभी होती.

"या कोण?" कौसल्येने विचारले.

"माझी आई. लग्नानंतर महिन्याभरात गेली."

"खिट्टी कोणी वर केली, प्रेमलताबाई?"

"ड्रायव्हरनेच ठेवली असेल. मी दाराला हात लावला नाही." वाक्य पाठ केल्यासारखे आले. "घाबरून गेले होते. मला काही आठवत नाही."

"चोराची मोटारसायकल कोणत्या रंगाची होती?"

"आठवत नाही."

"लहानूकाका ढेकळं घेऊन तीन फर्लांग धावले, ते आठवतं?"

प्रेमलताने मान फिरवली. कौसल्येची नजर मात्र फोटोवर खिळली होती. चपलाहार. गोठ. तोडे. पाटल्या. एकेक दागिना ती मनात मोजत गेली, आणि मोजणी संपली तेव्हा तिला चोर, चोरी आणि चोरीचा माल, तिन्ही एकाच भिंतीवर टांगलेले दिसले.

६

"सगळ्यांना स्वयंपाकघरापाशी बोलवा," ती जिजाबाईंना म्हणाली.

"स्वयंपाकघरात तू पाऊल ठेवणार नाहीस."

"नाही ठेवत. ठेवायला मला कायद्याने आपली परवानगी लागत नाही. पण आज मला माझा पाय तेथे नको आहे. आपला हात हवा आहे."

उंबऱ्याच्या बाहेर कौसल्या, आत जिजाबाई. तुळसाबाई चुलीपाशी, गोपाळराव दाराला टेकून, आणि प्रेमलता सर्वांच्या मागे.

"फाटकाशी जो डबा सापडला त्यात मुंग्या होत्या," कौसल्येने सुरुवात केली. "मी त्या जागी साखरेचे दाणे पाहिले. आपण म्हणता, आठ वाजता डबा कोरडा ठणठणीत होता. म्हणजे साखर नंतर पडली. चोराने टाकली? रस्त्यात लुटारू खिशात साखर घेऊन फिरत नाहीत. मग अकराच्या आत, या घरात, कोणी तरी डबा उघडला. लहानूकाका देवघरात येऊ शकत नाहीत. ते आपणच सांगितले. आता मला सांगा, सोने असलेल्या डब्यात कोणी साखर घालील?"

"कशाला घालील?" जिजाबाई गुरकावल्या.

"नाही घालणार. साखर रिकाम्या डब्यात घालतात."

चुलीवरच्या कैऱ्या रटरटत होत्या.

"बाईसाहेब, शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत केलात?"

"आमच्याकडे तशी रीत नाही," जिजाबाई फटकन म्हणाल्या. "काही नसले तर चिमूटभर साखर तरी…" आणि त्यांचे वाक्य तेथेच तुटले.

"पुरुषाच्या हे ध्यानात येत नाही. फौजदारांच्या आले नाही, आपल्या चिरंजीवांच्याही आले नसते. ज्या हाताने डबा रिकामा केला तो बाईचा हात होता, चांगल्या वळणाचा. चोरी करतानासुद्धा त्या हाताला लग्नघरी रिकामा डबा पाठववेना."

तुळसाबाईने कानांवर हात ठेवले. "माय वं! मी नाई बाईसाहेब, गळ्याशपथ!"

"तू नाहीस, तुळसाबाई. तू केली असतीस तर साखरेची बरकत मला सांगितली नसतीस." कौसल्या जिजाबाईंकडे वळली. "पिप्यात गुरुवारी चार बोटे जागा होती. रोज साखर निघते आणि पिपा भरतो. अन्नपूर्णा एवढ्या लवकर कोणाला पावत नाही. खाली काही घातले की वरचे वर येते. जे झाकणाला आड आले, ते ओंजळभर डब्यात गेले. कोठीत जा, बाईसाहेब. पदर खोचा आणि हात कोपरापर्यंत घाला."

जिजाबाई कोठीत गेल्या. पत्र्याचे झाकण निघाल्याचा आवाज आला. मग साखर उपसल्याचा. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल फडक्याचे गाठोडे होते आणि त्यातून साखर जमिनीवर गळत होती.

"कोण?" त्यांचा आवाज सबंध घरात घुमला.

"खिट्टी ज्या बाजूला होती त्या बाजूला बसलेली," कौसल्या म्हणाली. "दार आतून मोकळे करायला दुसरे कोणी गाडीत नव्हते. रिकामा डबा कळमेश्वरला उघडला जाण्याआधी नाहीसा होणे भाग होते. म्हणून तो लुटवला. मोटारसायकलवर कोण होते, ते त्या सांगतील."

"माझा भाऊ," प्रेमलता म्हणाली.

ती पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"त्याच्या हातीही सोने द्यायला मन धजेना. त्याने ते विकले असते. मला विकायचे नव्हते. आई, ते तुमचे नव्हतेच कधी. माझ्या आईने अंगावरचे उतरवून मला घातले. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, सांभाळून ठेवते. बारा वर्षे सांभाळलेत. आणि मला न विचारता तुमच्या नातीला घालायला काढलेत, तेही माझ्याच मांडीवरून पाठवायला!"

"फौजदाराला फोन लाव, गोपाळ," जिजाबाई म्हणाल्या. "सुनेला घेऊन जा म्हणावे."

"कशाबद्दल?" कौसल्या म्हणाली. "ते स्त्रीधन आहे, आणि फोटो पुरावा. आपली वस्तू आपण उचलली तर कोणता कायदा तिला चोरी म्हणेल? कोर्टात गेलात तर आधी प्रश्न आपल्याला पडतील." मग ती प्रेमलताकडे वळली, आणि आवाज अधिकच कठोर झाला. "सोने तुमचे, बाई. पण लहानूकाकांचे तीन दिवस कोणाचे? अंगठा कोणाचा? डबा रिकामा जाऊ नये म्हणून हात थांबला तुमचा. एका माणसाची भाकरी, अब्रू, हाड जाताना थांबला नाही."

त्या प्रश्नाला प्रेमलतापाशी रीत नव्हती.

जिजाबाईंनी गाठोड्यावरची साखर झटकली. मग त्यांनी ते उंबऱ्यावर ठेवले आणि सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "उचल. तुझ्या आईचे आहे. आणि भावासकट चौकीवर येऊन जबाब दे. माझ्या घरचे खोटे मी दुसऱ्याच्या अंगठ्यावर ठेवणार नाही." मग कौसल्येकडे वळून : "तुझी फी बोल."

"एक तास आपली गाडी."

७

चौकीवर जिजाबाई स्वतः गेल्या. गाडी कौसल्येने चालवली. म्हाताऱ्या बाईंनी मागे बसून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खाली ढकलल्या आणि वाटेत तीनदा, "अंतर ठेव," एवढेच म्हटले. फौजदारांपुढे त्या उभ्याच राहिल्या. "माझा ड्रायव्हर निर्दोष आहे. मी त्याला दारांना हिसका देताना पाहिले होते आणि तुम्ही मला विचारले नाही. मीही सांगितले नाही. लिहून घ्या." प्रेमलता आणि तिचा भाऊ गोपाळरावाच्या मागून आले आणि मान खाली घालून त्यांनी सह्या केल्या.

संध्याकाळी पाचला लहानू पायऱ्या उतरून आला. समोर अँबेसिडर उभी होती आणि कौसल्येने मागचे दार उघडून धरले होते.

"तिथी बाईसाहेब हायेत," तो मागे सरकत म्हणाला.

जिजाबाई मागच्या सीटवरून त्याच्याकडे पाहत होत्या. सोळा वर्षांत त्या दोघांच्या मध्ये नेहमी पुढच्या सीटची पाठ असे. आज नव्हती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पर्स उचलली आणि दुसऱ्या दाराने खाली उतरल्या.

"उद्यापासून याचा कप कोनाड्यात राहणार नाही," त्या कौसल्येला म्हणाल्या, त्याला नव्हे. "पण शेजारी बसायला सांगू नकोस मला. माझ्याने नाही होणार." आणि त्यांनी हात करून सायकलरिक्षा थांबवली. काच नाही, खिट्टी नाही. पर्स पायांखाली दाबून वैरागड्यांच्या जिजाबाई लकडगंजच्या भर गर्दीतून उघड्यावर घरी निघाल्या.

लहानू मागे बसला, पण सीटच्या कडेला, पाहुण्यासारखा. गाडी इतवारीतून निघाली आणि बायकांच्या दवाखान्याच्या दाराशी थांबली.

"इथंच उतरवलं होतं ना आईला?"

"इथंच." लहानूने काचेतून पाहिले. "रस्ता बैलायनं भरला व्हता. एका बैलानं मायी टोपी खाल्ली. तुयी माय त्याबी तरासात हासली."

मग कौसल्येने गाडी वळवली. त्या दिवशी त्याने ओढत आणलेला रस्ता ती गल्ल्यागल्ल्यांतून उलटा कापत गेली. महालात सायकली आणि हातगाड्यांतून अंतर ठेवत, न घाई करता. वस्तीच्या तोंडाशी कांताबाई विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या सीटवर लहानूला पाहताच ती सूप टाकून उठली. मुले गाडीभोवती जमली.

वाटेत केव्हा तरी लहानूने पाठ सीटला टेकवली होती. आता तो उतरला. मग सवयीने त्याने डाव्या हाताने चारही दारांना बाहेरून हिसका दिला. दोनदा.

"भाडं, काका?" कौसल्येने विचारले.

"फिटलं वं पोट्टे," लहानू म्हणाला. "पुरतं फिटलं."